सायकल सोमवारसाठी घ्या, रविवार जमतो

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पहिली सायकल घेताना फसगत बहुतेक वेळा एकाच जागी होते: रविवार डोळ्यांपुढे ठेवून सायकल घेतली जाते. मनात येऊरचा चढ असतो, पाम बीचचा सरळसोट रस्ता असतो. मग कुणी जाड दातेरी टायरची, पुढेमागे सस्पेन्शन असलेली सायकल उचलतो, तर कुणी वाकड्या हँडलची रोड बाइक. सोमवारी तीच सायकल खचलेल्या पेव्हर ब्लॉकवरून, गटाराच्या जाळीवरून आणि रिक्षांच्या रांगेतून न्यावी लागते, आणि दोन महिन्यांत ती जिन्याखाली जाऊन उभी राहते. आठवड्यातले पाच दिवस जो रस्ता लागतो, त्याच्यासाठी सायकल घ्या. अशी सायकल रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर आरामात नेते. उलटं सहसा होत नाही.

पायरी १: आधी रस्ता कागदावर

चार गोष्टी लिहून काढा: घर ते कामाची जागा हे अंतर, वाटेतले चढ आणि पूल, दोन्ही टोकांना सायकल कुठे उभी राहणार, आणि पावसाळ्यात चालवायची आहे का.

वेळ काढताना ताशी १५ किलोमीटर धरा. सिग्नल आणि गर्दी जमेस धरली तर नवख्याचा सरासरी वेग एवढाच पडतो. वाशी ते सीबीडी बेलापूर पाम बीच रोडने साधारण १० किलोमीटर, म्हणजे चाळीस मिनिटं. घणसोलीहून महापे किंवा मानपाड्याहून वागळे इस्टेट हे त्याहून कमी. एका बाजूला दहा किलोमीटरपर्यंतचं अंतर बहुतेकांच्या महिन्याभरात अंगवळणी पडतं. त्यापेक्षा जास्त असेल तर सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवसच ठेवा.

मग एकदा कामाच्याच वेळेला रिक्षात डाव्या बाजूला बसून तो रस्ता बघा. बघायची ती रस्त्याची डावी कड, कारण सायकल तिथूनच चालते. गटाराच्या जाळ्यांच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत की आडव्या? दोन काँक्रीट पट्ट्यांच्या सांध्यात लांबट फट पडली आहे का? पेव्हर ब्लॉक किती खचलेत? टायरची रुंदी ही तीन उत्तरं ठरवतात, दुकानदार नव्हे.

घोडबंदर रोडला कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल आहेत. सायकलने खालून जा. दोन मिनिटं जास्त लागतील, पण पुलावर कठड्यालगत वाळू साचलेली असते आणि मागून येणाऱ्या गाड्या वेगात असतात. ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीचे ट्रक, उरण आणि जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदराच्या बाजूला कंटेनरचे ट्रेलर. ट्रेलरच्या डाव्या अंगाला चालकाला अजिबात न दिसणारा मोठा पट्टा असतो, आणि वळताना मागची चाकं आतल्या बाजूला सरकतात. वळणावर ट्रेलरच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही, मागेच थांबायचं.

सायकल ठेवायची जागाही आत्ताच नक्की करा. लिफ्टमध्ये सायकल चालते का, हे सोसायटीला विचारा. जागा फक्त उघड्या कंपाउंडमध्ये असेल तर महाग सायकल घेऊ नका. खाडीकडची दमट, खारट हवा आणि पाऊस यांनी ती दोन वर्षांत जुनी दिसू लागते.

पायरी २: प्रकार

ठाणे-नवी मुंबईतल्या दहापैकी सात-आठ नवख्यांना आम्ही एकच प्रकार सुचवू: पुढे सस्पेन्शन नसलेली हायब्रिड. सरळ हँडल, मोठी ७००सी चाकं, ३५ ते ४२ मिलिमीटर रुंद टायर, अंग फार वाकवावं लागत नाही, मडगार्ड आणि कॅरियर बसतात.

सस्पेन्शन नको असं का म्हणतो, ते नीट सांगायला हवं, कारण दुकानात ते ‘फीचर’ म्हणून दाखवतात. स्वस्त सायकलींचा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) साध्या फोर्कपेक्षा एक-दीड किलो जड असतो. उभं राहून पॅडल मारलं की तो खालीवर होतो आणि पायातला जोर स्प्रिंगमध्ये जातो. दोन पावसाळ्यांत त्याच्या नळ्यांत पाणी आणि गाळ जाऊन तो जाम होतो, आणि तेव्हा दुरुस्तीपेक्षा नवा टाकणं सोपं पडतं. खड्ड्याचा दणका कमी करायचं काम रुंद टायर आणि योग्य हवा जास्त चांगलं करतात, तेही वजन न वाढवता.

एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, कुणासाठी? ज्यांना रविवारी खरोखर कच्च्या वाटेवर जायचंय, किंवा ज्यांच्या रोजच्या रस्त्यात अर्धा भाग उखडलेला आहे. दातेरी टायर डांबरावर घरघर करतात आणि दम काढतात. एमटीबी आधीच घरात असेल तर ती विकू नका. तिला गुळगुळीत टायर घाला, निम्मं काम झालं.

रोड बाइक पहिली सायकल म्हणून नको. २५ मिलिमीटरचा टायर जाळीच्या फटीत सहज जातो, आणि तिच्यात मडगार्डला जागाच नसते. फोल्डिंग सायकल, २० इंची चाकांची, लहान घरासाठी आणि ऑफिसात टेबलाखाली ठेवायला उत्तम. खड्ड्यात मात्र लहान चाक जास्त आपटतं. गिअर नसलेली जुन्या घडणीची काळी सायकल चार-पाच किलोमीटरच्या सपाट रस्त्याला आजही चांगली: मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, कॅरियर सगळं अंगचंच, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तिला डोळे मिटून दुरुस्त करतो.

गुडघ्याचा त्रास किंवा पंधरा किलोमीटरच्या वरचं अंतर असेल तर ई-सायकलचा विचार करा. मोटर २५० वॅटच्या आत आणि मोटरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. वजन वीस किलोच्या आसपास जातं, म्हणून लिफ्ट नसलेल्या इमारतीत बॅटरी सुटी निघणारीच घ्या.

पायरी ३: टायर, रुंदी आणि हवा

सायकलीच्या सगळ्या भागांत रोजच्या सुखदुःखाशी सर्वात जवळचा संबंध टायरचा आहे, आणि दुकानात त्याच्याकडे सर्वात कमी बघितलं जातं.

टायरच्या बाजूवर ‘३७-६२२’ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंची चाकाचा व्यास एकच, ६२२. साडेसत्तावीस इंचीचा ५८४, एमटीबीच्या २६ इंचीचा ५५९, बहुतेक २० इंची फोल्डिंगचा ४०६. टायर किंवा ट्यूब आणताना ‘अठ्ठावीसची द्या’ असं न सांगता हा आकडा सांगा. इंचाच्या नावात घोळ होतो, या आकड्यात होत नाही.

आपल्या रस्त्यांना ३५ ते ४० मिलिमीटर हे माप चपखल बसतं. २८चा टायर सांध्याच्या फटींत घाबरवतो, ५० आणि पुढचा उगाच जड. फोर्क आणि मागच्या नळ्यांत टायरच्या दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा उरते का बघा. पावसात तिथे चिखल अडकतो, आणि मडगार्डही त्याच जागेतून जातं.

हवेचा किमान आणि कमाल दाब टायरवर लिहिलेला असतो. ३५ मिलिमीटरच्या टायरला ६० किलोच्या माणसासाठी मागे ५० ते ५५ पीएसआय, ७५ किलोसाठी ६० ते ६५, ९० किलोसाठी ७५पर्यंत. पुढे पाच ते दहा कमी, कारण अंगाचा जास्त भार मागच्या चाकावर असतो. कॅरियरवर बॅग असेल तर मागे आणखी पाच. अंगठ्याने दाबून हवा बघण्यात अर्थ नाही: ४० आणि ६० अंगठ्याला सारखेच लागतात. मीटर असलेला उभा पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा हवा मारा. ट्यूब फुटलेली नसली तरी हवा हळूहळू झिरपतेच.

कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर दोष खिळ्याचा नाही, हवेचा आहे. एकच भोक असेल तर कारण अजून टायरमध्येच बसलेलं असण्याची शक्यता मोठी. ट्रकचे टायर फुटून त्यांतल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे हायवेच्या कडेला पडतात. ते वरून दिसत नाहीत. टायरच्या आतून कापडाचा बोळा हळू फिरवा, जिथे अडेल तिथे तार. ती चिमट्याने न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत परत पंक्चर.

वॉल्व्हही बघून घ्या. जाड, मोटरसायकलसारखा तो श्रेडर. बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला तो प्रेस्टा. नवख्याने शक्यतो श्रेडर घ्यावा, रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. प्रेस्टा असेल तर छोटं पितळी अडॅप्टर पाकिटात ठेवा. पेट्रोल पंपावर हवा भरताना आधी दाबाचा आकडा सांगा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी असल्यामुळे दाब क्षणात चढतो.

पायरी ४: माप

चुकीच्या मापाची सायकल कितीही चांगली असली तरी ती चालवली जात नाही. उंचीवरून अंदाज असा: १५५ ते १६५ सेंटिमीटरला स्मॉल, १६५ ते १७५ला मीडियम, १७५ ते १८५ला लार्ज. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून बसून बघण्याला पर्याय नाही.

घरी पायाचं माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांमध्ये एक जाड पुस्तक कण्याच्या बाजूने वर सरकवून घट्ट टेकवा, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण एवढं हवं. पाय ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. नवख्याने सुरुवातीला एक-दोन सेंटिमीटर कमी ठेवावं आणि दोन आठवड्यांत वर न्यावं.

पडताळा सोपा आहे. सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. आता पंजा पॅडलवर ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहील. दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील इतकी खाली सीट ठेवायची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि गुडघ्याच्या पुढच्या भागातल्या दुखण्याचं तेच मोठं कारण. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, सीटवर बसून नाही. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट वर घ्या, मागून दुखत असेल तर थोडी खाली.

सीटच्या दांड्यावर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसायची वेळ आली तर फ्रेम लहान आहे. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर वरच्या नळीपासून तीन ते पाच सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. ते ताठ होत असेल, तळहात बधिर होत असतील तर सायकल लांब आहे. एक-दोन सेंटिमीटरचा फरक आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बसवून भागतो, त्याहून जास्त असेल तर दुसरं माप बघा.

पायरी ५: गिअर आणि ब्रेक

एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन, मागे सात चक्र्या. आकड्याला भुलू नका. बघायचा तो सर्वात हलका गिअर. पुढे २८ दात आणि मागे ३४ असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे चढावर धाप न लागता. मागे मोठी चक्री २८चीच असेल तर तोच फेरा जवळपास २.२ मीटरचा होतो आणि येऊरच्या वळणांवर उतरून ढकलावं लागतं. नुसत्या सपाट रस्त्याला पुढे एक आणि मागे सात-आठ एवढे गिअर पुरे. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नसला की बिघडायला एक भाग कमी.

मागच्या चक्र्यांचा संच दोन प्रकारचा: फ्रीव्हील आणि कॅसेट. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे आत सरकलेले असतात, त्यामुळे एक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो. वजनदार माणूस, मागे बॅग आणि रोज खड्डे असं असेल तर एक्सल वाकतो. ८५ किलोच्या वर वजन असेल तर कॅसेटवालीच घ्या. सात चक्र्यांवर बहुधा फ्रीव्हील, आठ आणि पुढे बहुधा कॅसेट, तरी विचारून खात्री करा.

गिअर टाकताना पाय हलका करा. पुढे मोठी आणि मागेही सर्वात मोठी, किंवा दोन्हीकडे सर्वात लहान, अशी जोडी टाळा: चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर झिजते.

ब्रेकचा निर्णय पावसावर सोडा. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे, स्वस्त, हलके, कुणालाही दुरुस्त करता येणारे. पण ओल्या रिमवर चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात, आणि रबरात अडकलेली वाळू रिमला कानशीसारखी घासते. जून ते सप्टेंबर सायकल बंद ठेवणार असाल तर व्ही-ब्रेक पुरे. रोज चालवणार असाल तर डिस्क. तारेने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, म्हणून पॅड झिजला की दुसरा पॅडही स्क्रूने जवळ आणावा लागतो. हे न केल्याने ‘डिस्क असूनही लागत नाही’ अशी तक्रार येते. हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारी) डिस्क सर्वात उत्तम, एका बोटाच्या जोराने थांबते, पण चाक काढलेलं असताना तिचा लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. आणि डिस्कजवळ स्प्रेचं तेल मारू नका. पॅडने एकदा तेल प्यायलं की तो बदलावाच लागतो.

कुठला लिव्हर पुढचा ब्रेक लावतो हे पहिल्याच दिवशी तपासा, सगळ्या सायकलींत एकसारखं नसतं.

पायरी ६: पैसे

ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला काढा. २५ हजार असतील तर सायकल २० हजारांची. उरलेल्या पाचात हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, डी-आकाराचं कुलूप, पूर्ण लांबीची मडगार्ड, पंप, एक जादा ट्यूब, दोन-तीन टायर लिव्हर, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, घंटी. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी ही सुरक्षा मानकाची खूण बघा, पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोनच बोटं जावीत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते टाकून द्या.

दहा-बारा हजारांत २१ गिअर, दोन डिस्क आणि पुढेमागे सस्पेन्शन मिळत असेल तर यातलं काहीच टिकाऊ नाही असं समजा. त्याच पैशात बिनगिअरची किंवा सात गिअरची साधी सायकल दहा वर्षं जाते. साधा फोर्क, आठ गिअरची कॅसेट आणि ठीक ब्रेक असलेली हायब्रिड पंधरा ते तीस हजारांच्या पट्ट्यात बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, बिलावर तोच लावलाय का ते वाचा.

जुनी घेणार असाल तर नळ्यांचे सांधे उजेडात बघा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली की सोडून द्या. पॅडलच्या दांड्यांमधल्या नळीच्या पोटाला कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी जुळवा. बिल नसेल तर घेऊ नका. नव्या सायकलच्या नंबरचाही फोटो काढून ठेवा, चोरीची तक्रार करताना तो लागतो.

पायरी ७: दुकानातून बाहेर पडण्याआधी

सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, बाकी जोडणी दुकानातला मुलगा करतो. चुका तिथेच होतात. दहा मिनिटं काढून स्वतः तपासा:

- चाक उचलून फिरवा. ब्रेकजवळ बघताना रिम डावी-उजवीकडे दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जात असेल तर ‘आउट काढून द्या’ म्हणा.
- चाक कडेने धरून हलवा. खुळखुळलं तर हबचा (चाकाच्या मध्याचा) कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा नट, सैल.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला. हँडलखाली टकटक झाली तर हेडसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) सैल.
- फोर्क उलटा बसवलेला नाही ना? त्याची टोकं पुढच्या बाजूला झुकलेली हवीत. सायकल वळताना पायाचं टोक चाकाला लागत असेल तर आधी इथे बघा.
- पॅडल हाताने आटे धरत गेली का? डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते पान्ह्याने जबरदस्तीने घुसवलं असेल तर महिन्याभरात दांड्यासकट निखळतं.
- मागे सर्वात मोठ्या चक्रीवर चेन आणा. डिरेलर चाकाच्या तारांना लागत नाही ना, चेन चक्रीपलीकडे पडत नाही ना? हे ‘एल’ लिहिलेल्या स्क्रूने जुळतं.

मग पंधरा मिनिटं चालवा, सगळे गिअर टाका, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावा. गिअर-ब्रेकच्या नव्या तारा ताणल्या जातात आणि चाकाच्या तारा बसतात, म्हणून महिन्याभरात किंवा दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका. गिअर तेव्हा कडकड करत असतील तर सायकल खराब निघालेली नाही, तार सैल झाली आहे.

पायरी ८: पावसाळा

आपल्याकडचा पाऊस चार महिने, आणि सायकलचं आयुष्य तोच ठरवतो. चेनला ओल्या हवेचं घट्ट तेल लावा: प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवून मुरू द्या, मग वरचं तेल फडक्याने पूर्ण पुसा. काम आतल्या तेलाचं आहे, बाहेरचं तेल फक्त वाळू धरतं. गाडीचं जळकं ऑइल नको. गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं तेल नव्हे, तो उलट आतलं तेल धुऊन काढतो.

भिजून आलात की बादलीतल्या साध्या पाण्याने चिखल काढा, पुसा. मोटार धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका, पाणी हबच्या छर्‍यांत शिरतं. महिन्यातून एकदा सीटचा दांडा उपसून आत साचलेलं पाणी काढा, दांड्याला ग्रीस लावून परत घाला. हे केलं नाही तर तो फ्रेममध्ये कायमचा जाम होतो. ओल्या सायकलवर प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत घाम धरतो आणि गंज दुप्पट वेगाने चढतो.

साचलेल्या पाण्यातून जायचं टाळाच, उघडं मॅनहोल दिसत नाही. हब बुडाले असतील तर त्याच आठवड्यात उघडून नवं ग्रीस भरून घ्या. ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि खोदकामावरच्या पत्र्यांवर वळू नका, ब्रेकही लावू नका. चाक सरळ ठेवून पार व्हा.

चेन दर दोन महिन्यांनी पट्टीने मोजा. एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरलं पाहिजे. एक-षोडशांश इंच जास्त भरलं की चेन बदला. एक-अष्टमांशपर्यंत थांबलात तर मागच्या चक्र्याही बदलाव्या लागतील.

पायरी ९: रविवार

आता हीच सायकल बाहेर काढा. पाम बीचवर वाशी ते बेलापूर आणि परत, वीस किलोमीटर सपाट, पहिल्या महिन्यासाठी पुरेसं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत नेरूळच्या बाजूला पाणथळीत रोहित पक्षी दिसतात. ठाणेकरांना उपवन तलावावरून येऊरचा चढ. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. फाटकावरच्या वेळा पाळा, अंधार पडायच्या आत खाली या. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा-सोडा करत या. खारघरच्या टेकडीवर आणि पारसिक हिलवर सर्वात हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाकून ठेवा. ऐन चढावर जोर लावून गिअर बदलला तर चेन निसटते. पावसाळ्यात खारघरच्या धबधब्यांकडे जायला बहुधा बंदी असते. पनवेलहून कर्नाळा अभयारण्य एका बाजूला बारा किलोमीटर, पण गोवा हायवेवर वाहतूक मोठी, म्हणून पहाटेच. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आणि अटल सेतूवर सायकलला मनाई आहे.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या. तासाभराहून जास्त जायचं असेल तर चिमूटभर मीठ आणि लिंबू घातलेलं पाणी, दोन केळी.

लांब जाण्याआधी मागचं चाक घरी एकदा काढून घालून बघा. चेन सर्वात लहान चक्रीवर आणा. व्ही-ब्रेक असेल तर त्याच्या तारेची वाकडी नळी हुकातून सोडवा. एक्सलचा लिव्हर किंवा नट सैल करा, डिरेलर हाताने मागे ओढा, चाक खाली निसटतं. घालताना लहान चक्री चेनच्या वरच्या वेढ्यात बसवा, एक्सल खाचेत पूर्ण टेकवा, मग आवळा. शेवटी ब्रेक परत जोडलाय का ते दाबून बघा. चाक बसल्याच्या समाधानात हेच विसरायला होतं.